दिनविशेष : १४ ऑक्टोबर – एडवर्ड्स डेमिंग यांचा जन्म

संख्याशास्त्रज्ञ आणि व्यवस्थापनतज्ज्ञ विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांचा जन्म १९०० साली आजच्या दिवशी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. १९५० मध्ये त्यांनी युद्धाने खचलेल्या जपानमधील अभियंत्यांना आणि कंपनीप्रमुखांना दर्जानियंत्रणाचे धडे दिले. त्या व्याख्यानांच्या छापील प्रतींचे मानधन त्यांनी यजमान संघटनेलाच देऊन टाकले. त्यातूनच १९५१ साली ‘डेमिंग पारितोषिक’ सुरू झाले. मायदेशाला मात्र त्यांची महती कळायला १९८० उजाडले.

त्यांचा लाल मण्यांचा प्रयोग गाजला. भांड्यात पांढरे मणी, त्यांत काही लाल मिसळलेले. ‘कामगारां’नी ५० खळग्यांची फळी बुडवून फक्त पांढरे मणी काढायचे. लाल येतातच! मग कमी लाल आले त्याला शाबासकी, जास्त आले त्याला तंबी. कामगाराने जीव तोडून काम केले तरी फरक पडत नाही, कारण खोट मिश्रणातच असते आणि ते बदलणे व्यवस्थापनाच्या हाती. म्हणूनच कर्मचाऱ्यांना दरवर्षी गुणानुक्रम लावण्याच्या प्रथेला त्यांनी कडाडून विरोध केला, तो रास्तच होता.

२० डिसेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये त्यांच्या नावाचे ‘डेमिंग पारितोषिक’ पटकावले.