जीपच्या बॉनेटखालचा ट्रॅक्टर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ऑफिसात कुणा ना कुणाला जुनी डिझेल फोर-बाय-फोर घ्यायची हुक्की येतेच. मग दुपारच्या चहाला मोबाइलवर फोटो फिरतात, आणि प्रत्येक जाहिरातीत एकच ओळ: इंजिन एकदम टकाटक. मंडळी, जुन्या जीपच्या बाबतीत "इंजिन कसं आहे" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न "कुठलं इंजिन आहे" हा. कारण महिंद्राच्या जीपचं रूप चाळीस वर्षं फारसं बदललं नाही, पण बॉनेटखाली मात्र निरनिराळ्या देशांची बिऱ्हाडं येऊन राहून गेली.

सुरुवात पेट्रोलपासून. १९४५ साली लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव लागलं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी आली, ती 'हाय बॉनेट'वाली. बॉनेट उंच का, तर आतलं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन उंच होतं. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. म्हणजे तो सगळा दिमाखदार चेहरा एका तांत्रिक अडचणीतून आलेला आहे! गाडी दणकट होती, पण पेट्रोल पिण्यात पटाईत. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते परवडेना.

इथे गोष्ट खरी रंगते. डिझेल इंजिन आणायचं कुठून? घरातच होतं. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिचा ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५, मूळचा इंग्लंडमधला. त्याचं इंजिन चार सिलिंडरचं, बोअर ३ पूर्णांक ३/८ इंच, स्ट्रोक ४ इंच. शाळेतलं सिलिंडरचं सूत्र लावा, साधारण १४३ घनइंच येतात, म्हणजे २३५० सीसीच्या आसपास. सत्तरच्या दशकात जीपमध्ये जे 'एमडी २३५०' डिझेल इंजिन बसू लागलं, ते हेच. नांगरणीचं इंजिन रस्त्यावर आलं.

ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये म्हटल्यावर आपण हसतो, पण नीट विचार केला तर ते फार शहाणपणाचं होतं. शेतात इंजिन तासन् तास एका लयीत, जवळजवळ पूर्ण भाराखाली चालतं. त्यासाठी भाग जाडजूड करतात आणि फेरे कमी ठेवतात. मात्र अशा इंजिनाला हायवेवर ऐंशी-नव्वदने पळवायला लागलं की ते बिचारं ओरडतं. आवाज, हादरे आणि काळा धूर ही जी जुन्या डिझेल जीपची ख्याती झाली, तिचं मूळ इथे आहे.

मग महिंद्राने फ्रान्सकडे मोर्चा वळवला. १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. नावातच माहिती आहे: सिलिंडर ४, बोअर ९० मिलिमीटर. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. हे मोटारीचं इंजिन, याच मापाचं इंजिन प्यूजो ५०४ डिझेलमध्ये होतं. ऐंशीच्या दशकात आलेली एमएम-५४० याच इंजिनावर धावली. त्याचाच मोठा भाऊ, २४९८ सीसीचा एक्सडी३पी, २००० साली बोलेरो आली तेव्हा तिच्यात होता.

प्यूजो आणि ट्रॅक्टरवंशी इंजिन यांच्यातला फरक विकत घेणाऱ्याने समजून घ्यायलाच हवा. प्यूजोमध्ये डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या एका छोट्या खोलीत फवारलं जातं. तिथे ते पेटतं आणि मग बाहेर मुसंडी मारतं. त्यामुळे इंजिन मऊ चालतं, फेरेही जास्त घेतं. पण त्या खोलीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून सकाळी थंड असताना हीटर प्लग तापवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि गरम झालं की हेडवर ताण येतो. रेडिएटर चोंदलेला असताना घाट चढवलेली एमएम-५४० म्हणजे हेड गॅस्केटला आमंत्रण.

आणि ट्रॅक्टर? तो गेलाच नव्हता. कमांडर, मार्शल, मेजर अशा गाड्यांमध्ये जे 'एमडीआय' इंजिन आलं ते २५२३ सीसीचं, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. मेट्रिकमध्ये विचित्र आकडे वाटतात ना? इंचात करा: साडेतीन आणि चार. इंटरनॅशनलच्या बी-४१४ ट्रॅक्टरमधल्या बीडी-१५४ इंजिनाची मापं हीच आहेत! फरक इतकाच की इथे डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे थंडीत पटकन सुरू होतं, मायलेज बरं, आणि खडखडाट अर्थातच जास्त. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडाप जीपा आणि मराठवाडा-विदर्भातल्या काळी-पिवळ्या यावर वर्षानुवर्षं चालल्या. २०१० च्या पहिल्या थारच्या डीआय मॉडेलमध्ये हेच २५२३ होतं, आणि पुढे बोलेरोत कॉमन रेल लावून तेच आणखी काही वर्षं राबलं. इतकं दीर्घायुष्य आमच्या क्षेत्रात फक्त बँकांच्या कोबोलला मिळालंय.

(टेम्पो ट्रॅक्सची गोष्ट वेगळी. तिच्यात मर्सिडीजचं ओएम ६१६. त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.)

आता हे सगळं घेऊन गाडी बघायला जायचं. आधी फोन करून सांगा, "काका, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजून जा. थंड इंजिन किती सेल्फमध्ये सुरू होतं ते बघा. एमडीआय असूनही दहा-दहा सेकंद कुरकुरत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय किंवा नोझल-पंपाचं काम आहे. प्यूजो असेल तर आधी हीटर प्लग तपासा, दोष बिचाऱ्या इंजिनाचा नसेलही. इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. ते नाचायला लागलं किंवा भकाभका धूर आला की मेकॅनिक म्हणेल, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय." म्हणजे रिंगा आणि लायनर झिजले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाबून रेस केल्यावर येणारा थोडा काळा धूर या पिढीत चालतो, सतत येणारा नाही. रेडिएटरमध्ये तेलाचे तवंग किंवा डिपस्टिकवर चहासारखं ऑइल दिसलं तर नमस्कार करून निघा.

किलोमीटरचा आकडा मात्र विसरा. वडापमध्ये चाललेल्या जीपची मीटरची वायर कधी सुटली आणि कधी जोडली हे देवालाच ठाऊक.

एमडीआयचं इंजिन काम अगदी तालुक्याच्या गावीही होतं. प्यूजोला थोडा जाणकार माणूस लागतो. २०१० च्या थारमधलं सीआरडीई हे मात्र वेगळंच प्रकरण. १०५ अश्वशक्ती, चालवायला झकास, पण कॉमन रेलच्या इंजेक्टरला डिझेलमधलं पाणी आणि कचरा अजिबात खपत नाही, आणि तिथे पान्यापेक्षा स्कॅनर जास्त लागतो. शहरात राहणाऱ्याने सीआरडीई घ्यावी, ज्याला खरंच आडरानात जायचंय त्याने डीआय, असं माझं मत. तोरण्याच्या पायथ्याशी लॅपटॉपवाला मेकॅनिक भेटत नाही.

शेवटची गोष्ट मेकॅनिकला कळणार नाही, ती तुम्हालाच बघायची आहे. एवढी बिऱ्हाडं बदलली म्हटल्यावर इंजिनांची अदलाबदल ओघाने आलीच. साठच्या दशकातली हाय बॉनेट, मूळ पेट्रोल, आत एमडीआय, हे दृश्य अगदी नेहमीचं. पण आरसी बुकावर इंधन 'पेट्रोल' आणि इंजिन नंबर जुनाच असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: गाडीतल्या अशा बदलाची नोंद आरटीओकडे हवी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. शिवाय पर्यावरण कर. तेव्हा टॉर्च आणि चिंधी घेऊन जा, ब्लॉकवरचा नंबर ग्रीस पुसून वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. चेसिसचाही. जुळला नाही तर इंजिन कितीही टकाटक असो, टोकन देऊ नका.