पीडीएफ फाईलचे विभाजन: संगणकातच असलेली सोय

सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील प्रमुख केंद्र. तेथे सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के वस्तू व सेवा कर, अशी उलटी कररचना अनेक वर्षे होती. सुतावर भरलेल्या जादा कराचा परतावा कापड विणणाऱ्यांना १ ऑगस्ट २०१८ पासून मिळू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुतावरील करही ५ टक्के झाला; तथापि आधीच्या काळातील परताव्यासाठी दोन वर्षांच्या मुदतीत अर्ज करता येतो.

परताव्याच्या अर्जासोबत जोडायची प्रत्येक फाईल ५ एमबीच्या आत असावी लागते. स्कॅन केलेल्या बिलांचा गठ्ठा ही मर्यादा सहज ओलांडतो. कागदपत्रे अपुरी राहिल्यास अधिकारी त्रुटीपत्र देतो आणि नव्याने अर्ज करावा लागतो. पोर्टल देशभर एकच असल्याने गोव्यातील उद्योजकांनाही हाच नियम लागू आहे.

विंडोज
फाईल क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये उघडावी. कंट्रोल व पी ही बटणे एकत्र दाबावीत. प्रिंटरच्या यादीतून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडावे. पृष्ठांच्या रकान्यात १-१५ असा क्रम इंग्रजी अंकांत लिहून नव्या नावाने फाईल साठवावी. पुढील भागासाठी १६-३० याप्रमाणे हीच कृती करावी. मूळ फाईल जशीच्या तशी राहते. या कामासाठी इंटरनेट लागत नाही.

मॅक
‘प्रिव्ह्यू’मध्ये फाईल उघडून कडेला पानांची लघुचित्रे आणावीत. हवी ती पाने निवडून डेस्कटॉपवर ओढली की त्यांची स्वतंत्र फाईल तयार होते.

ही काळजी घ्यावी
प्रत्येक भागाचा आकार तपासावा. चित्रे अधिक असलेली पाने जड असतात, त्यामुळे निम्म्या पानांचा आकार निम्माच असेल असे नाही. छापण्याच्या मार्गाने काढलेल्या प्रतीत मूळ डिजिटल स्वाक्षरी वैध राहत नाही. अशी स्वाक्षरी असलेले कागदपत्र मूळ स्वरूपातच जोडावे. परवलीचा शब्द असलेल्या बँक विवरणाची अशी प्रत बहुधा परवलीशिवाय उघडते. काम संपल्यावर ती उघड्यावर ठेवू नये. भागांना क्रमांकासह नावे दिल्यास तपासणाऱ्यालाही क्रम कळतो.

पीडीएफचे तुकडे मोफत करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. मात्र तेथे फाईल बहुधा परक्या सर्व्हरवर चढवावी लागते. बिलांत ग्राहकांची नावे, दर आणि बँक खात्याचे तपशील असतात. जे काम घरच्या संगणकावर दोन मिनिटांत होते, त्यासाठी व्यवसायाची वही परक्याच्या हाती देण्याचे कारण नाही.