ग्रामीण बाजारकेंद्रे व प्रादेशिक नियोजन (बंगळूरु परिसर)

आसपासच्या खेड्यांचा माल जिथे विकला जातो आणि बियाणे, खते, बँक, दवाखाना, दुरुस्ती अशा सेवा जिथे एकाच फेरीत मिळतात, ते गाव म्हणजे ग्रामीण बाजारकेंद्र. सोयी कोठे उभाराव्यात हे ठरवताना नियोजनकार अशा केंद्रांचा आधार घेतात. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या मध्यवर्ती स्थान सिद्धांताने या विचाराला शास्त्रीय बैठक दिली.

बंगळूरुपासून सुमारे ५० किमी. अंतरावरील रामनगरचा रेशीमकोश बाजार हे अशा केंद्राचे बोलके उदाहरण. कोश फार दिवस ठेवता येत नाहीत. आतला पतंग बाहेर पडला की अखंड धागा निघत नाही. म्हणून ते लवकर विकावे लागतात. शेतकरी कोश जाळीच्या तळाच्या पेट्यांत पसरून ठेवतात, धागा काढणारे कारखानदार मूठभर उचलून पारखतात आणि लिलावात बोली लावतात. बाजाराभोवती धागा काढण्याचे छोटे कारखाने वाढले व गावातच रोजगार निर्माण झाला. बंगळूरुच्या ईशान्येकडील शिडलघट्टा येथेही असेच घडले. रेशमाखेरीज इतर मालाचीही अशी केंद्रे आहेत; याच परिसरातील कोलारची बाजार समिती टोमॅटोसाठी देशभर ओळखली जाते.

कर्नाटकातील प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ च्या अहवालात तालुका हे मोजमापाचे एकक मानले. मात्र बाजाराचे क्षेत्र तालुक्याच्या सीमेत मावत नाही. रामनगरला दूरच्या जिल्ह्यांतूनही कोश येतात. त्यामुळे रस्ते, साठवण व पतपुरवठा यांची आखणी मालाच्या प्रत्यक्ष वाटा पाहून करणे आवश्यक ठरते.