३१५ बोअर आला कुठून?

उत्तर भारतातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत एक आकडा हमखास भेटतो : ३१५. पोलिसांनी ३१५ बोअरचा कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त केली, असे आपण कितीदा वाचले असेल. कट्टा गावठी असतो, पण आतले काडतूस अनेकदा सरकारी कारखान्यातले असते. मग ३०० नाही, ३२० नाही, नेमका ३१५ च का? हा प्रश्न घेऊन मागे मागे गेलो की आपण गुन्हेगारांच्या नव्हे, शिकाऱ्यांच्या इतिहासात येऊन पोहोचतो.

शिकारीची आपली भाषाच मुळी प्रवास करून आलेली. 'शिकार' फारसी. 'बंदूक' अरबी 'बुंदुक'वरून आलेला. त्याचा मूळ अर्थ एक कठीण कवचाचे फळ, आणि पुढे त्याच आकाराची, पक्षी मारायची मातीची गोळी. 'काडतूस' आणि उर्दूतला 'कारतूस' हे दोघे सख्खे भाऊ, बाप पोर्तुगीज. 'बोअर' तेवढा इंग्रजांनी आणला. आपली गोष्ट या शेवटच्या शब्दाची आहे.

बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचे माप. छऱ्याच्या बंदुकीत ते जुन्या पद्धतीने सांगतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. रायफलचे माप मात्र इंचाच्या अंशात. .३१५ म्हणजे इंचाचे तीनशे पंधरा सहस्रांश, साधारण ८ मिलिमीटर.

हे माप जनावर पाहून ठरावे, असे कोणालाही वाटेल. हरणाला लहान, रानगव्याला मोठे. भारतात मात्र ते ठरवताना सरकार जनावराकडे नाही, माणसाकडे पाहत होते.

१८५७ चे काडतूस सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. एनफिल्ड रायफलच्या नळीत पीळ होता, त्यामुळे तिची गोळी लांबवर अचूक जाई. उठाव मोडल्यावर देशी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची वेगळी बंदूक आली. दिसायला तशीच, पण नळी आतून गुळगुळीत, बिनपिळाची. गोऱ्या सैनिकाचा नेम लांबचा राहावा आणि देशी शिपायाचा जवळचा, असा हिशेब. पुढे लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना सूट मिळाली.

मग हा संशय शिकारीच्या बंदुकीपर्यंत आला. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी .४५० मापाच्या रायफली तेव्हा लोकप्रिय होत्या. पण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे मापही तेच. गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने १९०७ मध्ये .४५० ची दारे हिंदुस्थानासाठी बंद झाली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच वाट काढली : .४६५, .४७०, .४७५. वाघ तोच, हत्तीही तोच. गोळी मात्र मार्टिनीच्या नळीत बसू नये एवढी जाड झाली.

गंमत म्हणजे त्याच १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली. कॉर्बेट मोठे माप आणि हलके माप प्रसंग पाहून वापरत. अनुभवी शिकाऱ्याची निवड अशीच असे. वाघ-हरणांसाठी मऊ टोकाची गोळी, कारण ती आत फुलते आणि जनावर जखमी होऊन तडफडत फिरत नाही. हत्तीसाठी पूर्ण कवचाची, कारण तिला जाड हाड भेदायचे असते. गोळीचे टोक शिकारी निवडत असे, नळीचे माप मात्र सरकार.

.३०३ च्या बाबतीत हेच घडले. ते फौजेचे माप, म्हणून सामान्य माणसाला मनाई. तेव्हा इंग्लंडच्या बीएसए कंपनीने ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस उचलले आणि ली पद्धतीच्या रायफलीत बसवले. .३०३ हून जेमतेम मोठे, पण फौजेचे काडतूस त्यात चालणार नाही. हाच तो .३१५.

इंग्रज गेले, आकडा राहिला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांतही .३०३ 'प्रतिबंधित बोअर'च राहिला. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची 'स्पोर्टिंग रायफल' बनू लागली. तिच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे दिसतात; ती आपल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची खूण. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपला. रायफलीच्या नावातला 'खेळ' तेवढा उरला. जे काडतूस बाजारात मिळते त्याच मापाची नळी कट्टा बनवणारा घडवतो. म्हणून आजच्या बातमीत ३१५.

बंदुका मोकळ्या कराव्यात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९७२ चा कायदा हवाच होता, आणि घरोघरी शस्त्रे असणारा समाज सुखी असतो असे कुठे दिसत नाही. फौजेचे काडतूस बाजारात येऊ नये, यालाही कारण आहे. पण नियमाचे कारण आणि नियमाचा जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा नियम राज्यकर्त्याने रयतेकडे संशयाने पाहिले त्या काळात जन्मला. आपण तो नागरिकांसाठी पुढे चालवला, आणि तसे करताना तो नव्याने तपासून पाहण्याची फारशी गरज कोणाला वाटली नाही. असे किती नियम आपल्या कचेऱ्यांत, ठाण्यांत, अर्जांच्या रकान्यांत अजून बसलेले असतील? ज्यांच्याकडे आजही आधी संशयाने पाहिले जाते, त्यांनी तरी हा प्रश्न विचारत राहायला हवा.