घोडदळाचं स्मारक, पण घोडा नाही

दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकात एका दगडी स्तंभाभोवती ब्राँझचे तीन सैनिक उभे आहेत. जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर या तीन संस्थानांच्या लान्सर्सचे, म्हणजे भालाईत घोडेस्वारांचे, हे पुतळे. पहिल्या महायुद्धात सिनाई, पॅलेस्टाइन आणि सीरियाच्या आघाडीवर लढलेल्या ब्रिगेडच्या स्मरणार्थ १९२२ साली ते उभारले गेले. २०१८ साली चौकाच्या नावात ‘हैफा’ची भर पडली. पुतळे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. तिघांचेही पाय जमिनीवर आहेत. घोडदळाचं स्मारक आहे आणि त्यात घोडा एकही नाही.

यात शिल्पकाराला दोष द्यायचा नाही. तीन संस्थानं होती, तीन माणसं झाली. पण तेव्हापासून मी हैफाच्या लढाईचं वर्णन कुठेही वाचलं की त्यात घोडे शोधू लागलो.

ती लढाई झाली २३ सप्टेंबर १९१८ रोजी. हैफा हे बंदर ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होतं. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदी आणि दलदल, मधून शहराकडे जाणारी चिंचोळी वाट. डोंगरउतारावर तोफा आणि मशीनगन. म्हैसूरच्या तुकड्यांनी डोंगराकडून चढाई करायची आणि जोधपूरच्या स्वारांनी समोरून शहरावर तुटून पडायचं, असा बेत होता. दुपारी दोनच्या सुमारास जोधपूर लान्सर्स निघाले. नदीकाठच्या भुसभुशीत रेतीत पुढचे घोडे रुतले, म्हणून बाकीच्यांना डावीकडे वळावं लागलं. मेजर दलपतसिंह गोळी लागून कोसळले. तरीही स्वार थांबले नाहीत आणि शहर त्याच दिवशी पडलं.

दोन रेजिमेंटनी मिळून १,३५० कैदी आणि १७ तोफा पकडल्या. त्यांची ८ माणसं मेली, ३४ जखमी झाली. आणि घोडे? ६० मेले, ८३ जखमी झाले.

मेलेल्या एका माणसामागे साडेसात घोडे. सरळ हिशेब आहे. स्वार मान खाली घालून वाकतो, घोड्याला अंग चोरता येत नाही. पुढून येणाऱ्या गोळीला पहिली सापडते ती त्याची छाती. त्या दिवसाच्या अधिकृत वर्णनात असं आहे की मशीनगनच्या गोळ्या लागूनही दौडणारे घोडे थांबले नाहीत. बरेचसे नंतर जखमांनी मेले.

हे वाचताना ‘केवढं शौर्य’ असं आपसूक तोंडातून निघतं. मला मात्र तो शब्द इथे अडतो. घोडा हा कळपातला, धोका दिसला की पळणारा प्राणी. त्याला बंदुकीच्या आवाजाची सवय लावावी लागते. आजूबाजूचे सगळे एकाच दिशेने धावू लागले की तोही धावतो. समोर मशीनगन आहे हे माहीत असताना पुढे जाणं हे दलपतसिंहांचं शौर्य. घोड्याला ते माहीत नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. लंडनच्या पार्क लेनवर २००४ साली युद्धातल्या प्राण्यांचं मोठं स्मारक झालं. त्यावर कोरलेल्या मजकुरात या प्राण्यांपुढे दुसरा पर्याय नव्हता, अशी कबुली आहे. मला तो स्मारकातला सगळ्यात खरा भाग वाटतो.

पर्याय नव्हता, हे युद्ध संपल्यावर तर आणखी उघड झालं. ऑस्ट्रेलियाने या महायुद्धात १,३०,०००हून अधिक घोडे परदेशी पाठवले. परत गेला एक. त्याचं नाव सँडी, आणि तो एका दिवंगत जनरलचा होता म्हणून. बाकीच्यांना नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता, शिवाय रोगराईची धास्ती होती. इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये उरलेल्या घोड्यांपैकी धडधाकट होते ते दुसऱ्या तुकड्यांकडे गेले, म्हातारे आणि निकामी ठरलेले गोळ्या घालून मारले गेले, आणि कित्येक तिथल्याच बाजारात विकले गेले.

१९३० साली डोरोथी ब्रुक ही एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची पत्नी कैरोला आली. रस्त्यांवर गाडे ओढणाऱ्या मरतुकड्या घोड्यांमध्ये तिला लष्करातले जुने घोडे दिसले. त्यांच्या अंगावर सैन्याचा बाणाचा डाग होता. हा डाग कौतुकाचा नव्हता, मालकीचा होता. मालक निघून गेला आणि डाग मागे राहिला. १९३१ साली तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले आणि पुढच्या काही वर्षांत तिने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. बहुतेकांची अवस्था इतकी वाईट होती की थोडी विश्रांती आणि पोटभर खाणं देऊन त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच हातात होतं. १९३४ साली तिने कैरोत त्यांच्यासाठी दवाखाना काढला. ती संस्था आजही चालू आहे. भारतातही ती काम करते, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या घोड्या-खेचरांमध्ये.

मग घोड्याची आठवण ठेवायची म्हणजे काय करायचं? मला याचं उत्तर १६७३ सालच्या एका मराठी पत्रात सापडतं. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते शिवाजी महाराजांनी पाठवलं. सैन्याने रयतेला त्रास देऊ नये, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. पण एकदा ते घोड्यांच्या बाजूने वाचून पाहा.

त्याचा आशय असा. दाणा-वैरण साठवलेली आहे ती अख्ख्या पावसाळ्याला पुरवायची आहे. आत्ता हवी तशी उधळली तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग पोटासाठी तुम्ही रयतेच्या घरात शिराल. आगीला जपा. कुणी चुली पेटवतं, कुणी तंबाखू ओढतं, कुणी रात्री दिवा तसाच ठेवतं. उंदराने जळती वात ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, आणि गवत जळाल्यावर एकही घोडा वाचणार नाही.

घोड्याच्या इमानाबद्दल इथे चकार शब्द नाही. आहे तो दाणा, गवत, दिवा आणि उंदीर. शिवाय घोडा मेला तर जबाबदार कोण, हेही आधीच सांगून ठेवलेलं आहे. यामागे रोकडा व्यवहारही होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं भांडवलच बुडालं. पण व्यवहारातून आलेली काळजी घोड्याला कमी लागू पडते असं थोडंच आहे?

ही काळजी घेणं हातात उरलं नाही की काय होतं, ते पानिपताने दाखवलं. १७६०च्या अखेरीस अब्दालीने मराठी छावणीची रसद तोडली. माणसांआधी जनावरांची वैरण संपली. १४ जानेवारी १७६१ला लढाई उभी राहिली तेव्हा कित्येक घोडे मेलेले होते, उरलेले भुकेने खंगलेले, आणि कितीतरी स्वार पायउतार झालेले. अडचण नेमकी कुठे आहे हे विचारताना आपण सहज म्हणतो, ‘घोडं कुठं पेंड खातंय?’ पानिपतावर घोड्याला खायला पेंडच उरली नव्हती.

आपल्या भाषेत आणखी एक म्हण आहे: घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं. ती ज्याने पहिल्यांदा म्हटली, त्याने लादलेल्या घोडीमागून चालणारं पिल्लू नीट पाहिलेलं असणार. घोडा आपल्या रोजच्या जगण्यातून गेला, तशी ही नजरही गेली. आता घोडा उरला तो पुतळ्याखाली, नाहीतर वरातीत.

जोधपूर-म्हैसूरच्या त्या परंपरेतून १९५३ साली उभी राहिलेली ६१वी कॅव्हलरी दर २३ सप्टेंबरला हैफा दिन पाळते. तुमच्या फोनवरही त्या दिवशी एखादी पोस्ट येत असेल. ८ जण धारातीर्थी पडले, असं त्यात असेल. ती पुढे पाठवणार असाल तर खाली एक ओळ वाढवा: घोडे मेले ६०, जखमी ८३. आणि पुढे कधी एखाद्या वीटभट्टीवर पाठ सोललेलं खेचर दिसलं तर त्याला सकाळपासून पाणी मिळालंय का, एवढं विचारा.