ठिगळ आणि मूळ: चिनी बलवर्धक आहाराची दोन हजार वर्षे

चिनी भाषेत ‘बू’ असे एक छोटे अक्षर आहे. फाटलेल्या कपड्याला ठिगळ लावणे हा त्याचा मूळ अर्थ. अक्षराच्या घडणीतही वस्त्राची खूण आहे. पुढे हाच शब्द शरीरासाठी वापरला जाऊ लागला. आजारपणाने, बाळंतपणाने, उपासमारीने किंवा वयाने शरीराचे वस्त्र जिथे विरले असेल तिथे योग्य अन्नाने आणि वनस्पतीने ठिगळ लावायचे, म्हणजे ‘बू’. आपल्याकडे थंडी पडू लागली की डिंक, खारीक, खोबरे आणि मेथीचे हिशेब सुरू होतात. त्याच दिवसांत चीनमधील घरांत लाल बोरे, आले, कमळबी आणि मटणाचा रस्सा चुलीवर चढतो. शांघायच्या परिसरात तर वैद्याकडून वर्षाचे अवलेह करून घेण्याची पद्धत आहे. ते पाहून आपल्याला च्यवनप्राशाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

पण या ठिगळाचा इतिहास केवळ पाककृतींचा नाही. त्यात वेढलेली शहरे आहेत, कर्जात बुडालेली घरे आहेत, ओसाड झालेली अरण्ये आहेत, आणि त्याचा एक धागा आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

पहिला मान आहारवैद्याचा

‘चौ-ली’ या प्राचीन ग्रंथात राजदरबारातील वैद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांत पहिला वर्ग आहारवैद्याचा आहे. रोगांचा वैद्य, जखमांचा वैद्य आणि जनावरांचा वैद्य हे त्याच्या नंतर येतात. राजाने कोणत्या ऋतूत काय खावे, कोणत्या धान्याबरोबर कोणते मांस जुळते, हे पाहणे त्याचे काम.

हान काळाच्या सुमारास ‘शेन-नोंग बेनत्साव’ हा वनौषधींचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला. त्यात ३६५ द्रव्ये आहेत, वर्षाच्या दिवसांइतकी. त्यांचे तीन वर्ग केले आहेत. खालच्या वर्गातील द्रव्ये तीव्र. रोग हटवण्यापुरतीच घ्यायची. मधल्या वर्गातील जपून वापरायची. वरच्या वर्गातील मात्र निर्विष, दीर्घकाळ घेता येणारी आणि आयुष्य वाढवणारी. या वरच्या वर्गातील नावे वाचली तर आपल्या वाणसामानाची यादीच वाचतो आहोत असे वाटते: जेष्ठमध, तीळ, कमळबी, बोरे, कोनफळाच्या कुळातला एक कंद, आणि आपण उपवासाला खातो तो मखाणाही. त्यांच्या जोडीला वांग्या-टोमॅटोच्या कुळातील ‘गोजी’ नावाची लाल फळे, गाढवाच्या कातड्याचा सरस, आणि पुढे साऱ्या जगात गाजलेले जिनसेंगचे मूळ. चिनी भाषेत त्याला ‘रेनशेन’ म्हणतात. ‘रेन’ म्हणजे माणूस. दोन पाय, दोन हात फुटल्यासारखा त्या मुळाचा आकार असतो, म्हणून हे नाव.

याच वरच्या वर्गात हिंगूळही आहे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. दीर्घायुष्याच्या लोभाने पारायुक्त गुटिका घेणारे राजे चीनमध्ये कमी झाले नाहीत. तांग घराण्यातील मूत्सुंग (८२४), वूत्सुंग (८४६) आणि शुआनत्सुंग (८५९) या तीन सम्राटांचे मृत्यू अशाच ‘अमृता’शी जोडले जातात. ज्यांच्या दारात देशातला सर्वोत्तम आहारवैद्य उभा होता, ते साध्या अन्नावर समाधान मानू शकले नाहीत.

त्याच तांग काळात सुन सिमियाओ हा थोर वैद्य होऊन गेला. इ. स. ६५२ च्या सुमारास त्याने ‘सहस्र सुवर्णमुद्रांच्या मोलाचे उपाय’ हा ग्रंथ पूर्ण केला आणि त्यात आहारचिकित्सेला स्वतंत्र प्रकरण दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आधी रोगाचे मूळ ओळखा, मग अन्नाने उपचार करा, आणि अन्नाने गुण आला नाही तरच औषधाकडे वळा. याच शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू भारतात आला आणि सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला. दोन्ही देशांच्या वनौषधींची तुलना करताना त्याने नोंदवले की जिनसेंगसारखी चिनी द्रव्ये भारतात मिळत नाहीत. उलट हिरडा मात्र येथे मुबलक आहे. एका प्रवाशाच्या नजरेत दोन वैद्यकांचे मुकुटमणी असे समोरासमोर आले.

वेढ्यातील शहर आणि एक काढा

बलवर्धक चिकित्सेचा सर्वांत गंभीर अध्याय इ. स. १२३२ मध्ये लिहिला गेला. मंगोल सैन्याने जिन राजवटीची राजधानी खायफेंग वेढली होती. वेढा सैल झाला आणि शहरात साथ पसरली. पन्नास दिवसांत नऊ लाखांहून अधिक प्रेते वेशींतून बाहेर नेली, असे जिन राजवटीच्या इतिहासात लिहिले आहे. आकडा फुगवलेला असेल असे मानले तरी संहार भयंकर होता यात शंका नाही.

त्या शहरात ली गाव नावाचा वैद्य होता. श्रीमंत घरातला. आईच्या आजारात वैद्यांनी तिच्यावर नाना उपचार केले, पण तिचा रोगच कोणाला ओळखता आला नाही आणि ती गेली. त्या दुःखातून त्याने मोठी दक्षिणा देऊन वैद्यक शिकून घेतले होते. खायफेंगमध्ये त्याने पाहिले, की बाकीचे वैद्य हा बाहेरून आलेला ज्वर समजून रोग्यांना घाम आणणारी आणि रेचक औषधे देत आहेत, आणि रोगी पटापट मरत आहेत. त्याने वेगळा विचार केला. ही माणसे महिनोन्‌महिने अर्धपोटी आहेत, भीतीने आणि श्रमाने पिचली आहेत, आणि वेढा उठल्यावर एकदम पोटभर जेवली आहेत. यांचे जठरच मोडले आहे. त्यांना आणखी रिकामे करायचे की आतून उभे करायचे?

याच विचारातून त्याने ‘मध्याला बळ देऊन प्राण वाढवणारा’ काढा सिद्ध केला. त्यात आठ द्रव्ये आहेत: जिनसेंग, जेष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल, ‘हुआंगची’ नावाचे मूळ वगैरे. मात्राही लहान. १२४९ साली त्याने ‘प्लीहा आणि जठर’ यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोट सावरले तर शरीर सावरते, हे त्याचे सूत्र. तो काढा चीन आणि जपानमध्ये आजही दिला जातो. त्याच्या सिद्धान्ताचे पुढे काय झाले हा अभ्यासकांच्या वादाचा विषय असेल, पण भुकेल्या माणसाच्या आजाराकडे त्याने भूक म्हणून पाहिले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्या वेळी विरोधी मतही होते. ली गावच्या आधीच्या पिढीतील झांग त्सुंगझेंग याचे म्हणणे असे, की औषध हे रोग हुसकावण्यासाठीच असते. बळ द्यायचे तर ते धान्य, फळे, भाज्या आणि मांस यांनी द्यावे. हा वाद चीनमध्ये कधीच मिटला नाही.

प्रतिष्ठेचे मूळ

सोळाव्या शतकात ली शिझेनने सत्तावीस वर्षे खपून ‘बेनत्साव गांगमू’ हा महाकोश १५७८ मध्ये पूर्ण केला. त्यात १,८९२ द्रव्ये आहेत. तो १५९६ मध्ये छापून निघाला, तेव्हा ग्रंथकर्ता हयात नव्हता. त्याचे वडीलही वैद्य होते आणि त्यांनी एकट्या जिनसेंगवर पुस्तक लिहिले होते. इतके या मुळाचे महत्त्व वाढले होते.

महत्त्वाबरोबर किंमत वाढली आणि किंमतीबरोबर प्रतिष्ठा. अठराव्या शतकात मूळ चांदीच्या तोलाने, कधी त्याहून कितीतरी महाग विकले जाऊ लागले. ‘लाल महालाचे स्वप्न’ या त्या काळच्या महान कादंबरीत एक प्रसंग आहे. उतरत्या काळातील एका बड्या घराण्यात औषधासाठी चांगल्या जिनसेंगची गरज पडते. शोधाशोध केल्यावर हाती येतात ते थोडे तंतू. आजीबाईंच्या पेटीत जाड मुळे सापडतात, पण वैद्य सांगतो की ती फार जुनी झाली, त्यांत सत्त्व उरलेले नाही. घराण्याची अवस्था लेखकाने एका पेटीत दाखवली आहे.

कादंबरीबाहेरची परिस्थिती अधिक कठोर होती. सू दाचुन (१६९३–१७७१) या वैद्याने जिनसेंगवर एक झणझणीत निबंध लिहिला. रोगी दगावला तरी जिनसेंग दिले होते म्हटल्यावर वैद्याला कोणी बोल लावत नाही. मुलगाही म्हणतो, आम्ही काही कमी केले नाही. या समाधानासाठी लोक घरदार विकतात, आणि ज्याला त्याची गरजच नव्हती तो त्यानेच मरतो, असा त्याचा आरोप होता. औषध शरीरासाठी आहे की लोकलज्जेसाठी, हा प्रश्न त्याने अडीचशे वर्षांपूर्वी विचारला. महागड्या ‘शक्तिवर्धक’ डब्यांच्या आजच्या काळात तो शिळा झाला आहे असे कोण म्हणेल?

अरण्यातून जहाजावर

जुन्या काळी उत्तम जिनसेंग शान्सी प्रांतातील शांगदांग भागातून येई. शतकानुशतके खणून आणि जंगल तोडून ते तिथून नाहीसे झाले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आज ‘दांगशेन’ या नावाने जे स्वस्त मूळ विकले जाते ती वेगळीच वनस्पती आहे. शांगदांगचे नाव मात्र तिच्यात उरले. मग मांचुरियाच्या अरण्यांची पाळी आली. मांचूंचा नेता नुरहाची याच्या सत्तेच्या उभारणीत जिनसेंगच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्याच्या वंशजांनी चीन जिंकल्यावर या मुळावर सरकारी मक्ता बसवला.

१७०९ मध्ये सम्राट खांगशीसाठी नकाशे करणारा जार्तू हा फ्रेंच जेझुइट पाद्री त्या प्रदेशात होता. त्या वर्षी सम्राटाने दहा हजार माणसे मुळे शोधायला पाठवली होती, असे त्याने १७११ च्या पत्रात लिहिले. थकलेला असताना स्वतः मूळ खाऊन पाहिल्याचा अनुभवही त्याने सांगितला, आणि कॅनडाच्या तशाच अरण्यांत ही वनस्पती असू शकेल असा तर्क केला. तर्क खरा ठरला. १७१६ मध्ये लाफितो या पाद्र्याला मोहॉक लोकांच्या मदतीने माँट्रिऑलजवळ तिची अमेरिकी बहीण सापडली. लगेच खोदाखोद सुरू झाली. लोभापायी घाईने भट्टीत वाळवलेला माल चीनने नाकारला आणि १७५२ च्या सुमारास कॅनडाचा हा व्यापार कोसळला.

तरीही १७८४ मध्ये नव्या अमेरिकी राष्ट्राचे पहिले व्यापारी जहाज ‘एम्प्रेस ऑफ चायना’ कँटनला निघाले, तेव्हा त्यात सुमारे तीस टन जिनसेंग होते. चिनी चहाच्या बदल्यात चीनला हवे असलेले असे थोडेच काही पाश्चात्त्यांकडे होते. इंग्रजांनी त्याच अडचणीवर दुसरा उतारा शोधला: अफू. ती अफू केवळ बिहार-बनारसची नव्हती. आपल्या माळव्यातील, होळकर-शिंद्यांच्या मुलखातील शेतांतूनही ती मुंबईमार्गे चीनला जात होती. एकीकडून बळ देणारे मूळ जात होते आणि दुसरीकडून बळ हिरावणारा चीक.

कोकणापर्यंत आलेली भूक

दक्षिण चीनच्या स्वयंपाकघरात माशाचे वाळवलेले फुगे, शार्कचे पर आणि पाकोळीची लाळेने बांधलेली घरटी यांनाही बलवर्धक मानतात. माशांचे फुगे आणि शार्कचे पर एकोणिसाव्या शतकातही मुंबईहून चीनला जात. आजही घोळ माशाच्या पोटातील ‘बोत’ आपले कोळी बांधव जपून काढतात. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले, ही बातमी अनेकांना आठवत असेल. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तिथली घरटी चोरून नेली जात असल्याचे या शतकाच्या आरंभी उघड झाले, आणि कोकणातील निसर्गप्रेमींनी त्यांच्या रक्षणासाठी पुढाकार घेतला.

हीच गोष्ट इतरत्रही घडते आहे. गाढवाच्या कातड्याच्या सरसाला एवढी मागणी वाढली, की आफ्रिकेतील गरीब कुटुंबांची पाणी आणि लाकूड वाहणारी जनावरे नाहीशी होऊ लागली. शेवटी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवे मारण्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेतील रानटी जिनसेंगच्या व्यापारावर तर १९७५ पासूनच आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. एकाच्या वस्त्राला ठिगळ लावताना दुसऱ्याचे वस्त्र फाडले जाते, ते असे.

जिनसेंगच्या गुणांवर आधुनिक प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे आणि चालू आहे. एवढे मात्र निश्चित, की ते खाऊ नव्हे, औषधी द्रव्य आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन हजार वर्षांत या परंपरेत जे सर्वांत महाग होते, त्यानेच सर्वाधिक नुकसान केले: हिंगुळाने राजांचे, मुळाने घरांचे, घरट्यांनी पाखरांचे. टिकले ते स्वस्त. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील झांग झोंगजिंग या वैद्याने बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी मटण, आले आणि ‘दांगग्वे’ मूळ यांचा रस्सा सांगितला होता. तो चिनी घरांत अजून होतो. आजाऱ्याला तांदळाची पातळ पेज आणि चार लाल बोरे अजून दिली जातात. ती देणाऱ्या घरातल्या बाईला सुन सिमियाओचे नाव ठाऊक असेलच असे नाही, पण त्याचा पहिला नियम तिने मोडलेला नाही.