विल्ना, 1900: चिमटीतला भोवरा

डिसेंबरचा महिना. झारच्या अमलातल्या विल्ना शहरात चार वाजायच्या आतच अंधार पडलाय. हनुका या ज्यू सणाची सहावी रात्र, म्हणजे अमावास्येच्या आसपासची. गल्लीत चंद्राचाही आधार नाही. ज्यू वस्तीतल्या एका ठेंगण्या खोलीत तुम्ही वाकून शिरता. चुलीवर किसलेल्या बटाट्याचे लाटके हंसाच्या चरबीत तळले जातायत. खिडकीत सहा मेणबत्त्या आणि त्यांना पेटवणारी सातवी. पोरं मात्र रॉकेलच्या दिव्याभोवती जमलीयत. हनुकाच्या ज्योतींचा उजेड कामाला वापरायचा नाही, खेळालासुद्धा नाही. त्या फक्त पाहायच्या.

थोरला पोरगा तुमच्या तळहातावर ड्रायडल, म्हणजे हनुकाचा भोवरा, ठेवतो. चौकोनी, इवलासा, पण भलताच जड. लाकडाच्या दोन तुकड्यांत साचा कोरून त्यानं स्वतःच त्यात वितळलेलं शिसं ओतलंय. चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं. नून पडलं तर हात हलवत बसायचं, गिमेलला सगळी रास तुमची, ‘हे’ पडलं तर अर्धी आणि शिनला पदरचं घालायचं. रास हेझलनटची.

तुम्ही सवयीनं जाळी शोधता. पोरगा हसतो. इथे दोरी नाही, चिमटीतच सगळा जोर.

‘‘मनगट हलवू नका,’’ तो बजावतो. दांडी अंगठा आणि मधल्या बोटात धरायची, बोटं एकमेकांवरून झटक्यात सरकवायची आणि ड्रायडल टेबलाला जवळजवळ टेकलेलं असतानाच सोडायचं. तुम्ही वरून टाकता. ते दोन गिरक्या घेऊन बशीवर आदळतं. पुन्हा. या वेळी आधी कलून मोठं वर्तुळ काढतं, मग हळूहळू ताठ होतं आणि एका जागी उभं राहतं, फिरतंय की नाही कळू नये इतकं. टोक किंचित बोथट असल्याची ही किमया: कललेल्या भोवऱ्याला टेबलाचं घर्षणच सरळ करतं. म्हणून तर पोरानं टोक दगडावर घासून गोल केलंय.

खरी परीक्षा पुढे. तो ड्रायडल उलटं धरतो, दांडी खाली, टोक छताकडे, आणि फिरवतो. उभं राहतं! तुमचं मात्र लगेच कोलमडतं. सगळं वजन आता लांब दांडीच्या वर गेलंय. ते तोलायला कितीतरी जास्त वेग हवा. त्यानं स्वतःची दांडी मुद्दाम आखूड कापलीय, हे तुमच्या उशिरा लक्षात येतं. आखूड दांडी बोटांत नीट येत नाही, पण उलट्या फिरकीत वजन खाली राहतं.

डाव नशिबाचा आहे. कितीही सफाईनं फिरवा, गिमेल मागून मिळत नाही. म्हणूनच पोरांनी ही उलटी फिरकी काढली असावी; हाताला काहीतरी मान हवा ना. अर्थात ओतताना गिमेलच्या बाजूला शिशात हवेचा बुडबुडा राहिला, तर ती हलकी बाजू जरा जास्त वेळा वर येणार. धाकटी बहीण डाव सुरू होण्याआधी लाकडी ड्रायडल पुढे सरकवते. काही न बोलता.

कोपऱ्यातले आजोबा सांगतायत, ज्यू धर्मावर बंदी घालणाऱ्या अँटिओकस राजाच्या काळात धर्मग्रंथ लपवून पोरं हाच भोवरा फिरवायची. जर्मन मुलखातला जुगाराचा भोवरा याचा पूर्वज, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे गप्प बसलेलं बरं.

तुमच्याकडे भविष्यातली एक युक्ती मात्र आहे. रॉबर्ट फाइनरमन नावाचा गणिती 1976 मध्ये दाखवून देईल की तिघं किंवा जास्त खेळत असतील, तर पहिल्यांदा फिरवणारा फायद्यात राहतो. तुम्ही सहज म्हणता, ‘‘मी सुरुवात करू?’’

‘‘सगळ्यात लहान आधी,’’ बहीण म्हणते आणि फिरवते. गिमेल. ती रास ओढून घेते; नियमाप्रमाणे सगळ्यांनी पुन्हा एकेक हेझलनट मध्ये टाकायचं. शेवटी तुमची पाळी येते. शिन. काढा आणखी एक.